पाचापैकी दोन

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे वाचताना कोणी माझी बाजू घ्यायचे कष्ट करू नयेत. माझी बाजू घेणारे घरात पुष्कळ आहेत. नवरा म्हणतो, तू तरी काय करणार होतीस. लेक फोनवर म्हणते, आई, सिस्टिमपुढे कोणाचं चालतं? मला या वाक्यांचा आता वीट आला आहे. मी काय करू शकले असते ते मला नीट ठाऊक आहे, आणि त्याला पाच मिनिटं पुरली असती.

माझं माहेर धारचं, सासर देवासचं, आणि उरलेलं आयुष्य देवासच्याच एका औषधांच्या कारखान्यातलं. सव्वीस वर्षं झाली. मी तपासणीच्या हॉलची इनचार्ज आहे. इंजेक्शनच्या काचेच्या छोट्या बाटल्या भरून, बूच लावून आमच्याकडे येतात आणि त्या एकेक करून डोळ्यांनी तपासायच्या असतात. समोर अर्धा काळा, अर्धा पांढरा फलक, वर ट्यूबलाइट. बाटली मानेला धरायची, हळूच उलटी करायची, काळ्यापुढे बघायची, पांढऱ्यापुढे बघायची. आत धागा, काचेचा कण, बुचाचा तुकडा, काहीही दिसलं की ती लाल खोक्यात टाकायची. सांगायला सोपं आहे. नव्या मुलीला पहिल्या आठवड्यात काही म्हणजे काही दिसत नाही, आणि दुसऱ्या आठवड्यात सगळीकडे धागेच दिसायला लागतात, घरच्या वरणातसुद्धा.

चौतीस बाया होत्या माझ्या हाताखाली. त्यांतली सगळ्यांत जुनी जी होती तिला सगळा हॉल जिजी म्हणायचा, माळव्यात थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. मीही जिजीच म्हणायचे. ती मला ताई म्हणायची. वयाने ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, तरी ती मला अहो-जाहो करायची आणि मी तिला अगं-तुगं. आमच्या दोघींची घराणी संस्थानाबरोबर दक्षिणेतून आलेली, पण तिचे पूर्वज तंबू शिवणारे आणि माझ्या सासरचे दप्तरात लिहिणारे. आता तंबू नाहीत आणि दप्तरही नाही, पण बोलण्यातला फरक राहून गेला. त्यात काही चुकतंय असं मला इतकी वर्षं वाटलंही नाही.

जिजीची नजर म्हणजे नजर होती. बाटली अशी फिरवायची की आत एक बुडबुडा उठत नसे. नव्या मुलींना सांगायची, ‘बुडबुडा उठू द्यायचा नाही गं, तो फसवतो. त्याच्या मागे धागा लपतो.’ मुली हिंदी शाळेतल्या, त्यांना मराठी अर्धं कळायचं, मग तीच वाक्यं ती हिंदीत सांगायची, मग माळवीत, आणि तरी नाही कळलं तर हात धरून दाखवायची. मी कागदोपत्री इनचार्ज. मुली शिकायच्या तिच्याकडे. हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं, जुन्या साहेबांनाही माहीत होतं.

तिच्या घरी ती आणि तिची आई, दोघीच. आईला विसरण्याचा आजार. सकाळ बरी जायची. शेजारची बाई दुपारभर लक्ष ठेवायची, पण चार वाजता तिला दुसऱ्यांच्या स्वयंपाकाला जावं लागे. म्हणून जिजीची शिफ्ट साडेतीनला सुटली की ती थेट घरी. चारला ती दारात दिसली नाही तर आई तिला शोधायला निघायची. एकदा अशीच निघाली ती देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी नारळवाल्यांमध्ये सापडली. ज्याला त्याला विचारत होती, माझी मुलगी अजून शाळेतून आली नाही, तुम्ही पाहिली का? ही गोष्ट आमच्या हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होती. ओव्हरटाइमची यादी करताना जिजीचं नाव मी कधी लिहिलं नाही.

मग कंपनी विकली गेली आणि नवे साहेब आले. त्याचं मला काही विशेष वाटलं नाही. ज्या गावात एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन राजांचं राज्य होतं त्या गावची मी सून, साहेब बदलण्याचं आम्हाला काय कौतुक? माणूस तसा वाईट नव्हता. तरुण, परप्रांतातला, सगळ्यांना मॅडम म्हणणारा. दुपारी डबा स्वतः धुवायचा. पण त्याला हॉलमध्ये यायची सवय नव्हती. तो सगळं पडद्यावर बघायचा.

त्याच्यामागून मशीन आलं. कॅमेऱ्याचं. बाटल्या एका बाजूने आत जातात, कॅमेरे फोटो काढतात, खराब बाटली आपोआप बाजूला पडते. ते बसवायला आलेल्या इंजिनिअरला शिकवायला माणूस हवा होता, म्हणजे मशीनला शिकवायला. मी जिजीला दिली. तीन दिवस ती त्याच्याशेजारी उभी होती. त्याने मुद्दाम खराब बाटल्या मिसळल्या होत्या. मशीनच्या हातून काही निसटल्या, जिजीच्या हातून एकही नाही. एका बाटलीत काचेची तूस होती, पापणीच्या केसाहून बारीक. तो भिंग घेऊन बघत बसला. मग म्हणाला, ‘माताजी ने जितनी निकाली हैं, मशीन को भी उतनी ही निकालनी हैं, बस.’ आणि त्याप्रमाणे त्याने मशीन लावून दिलं. म्हणजे आज ते मशीन जे काही बघतं ते जिजीच्या डोळ्यांनी बघतं. हे मी साहेबांना नंतर सांगितलं होतं, पण त्याची वेळ तेव्हा टळून गेली होती.

मशीन लागल्यावर महिन्याभरात फॉर्म आला. फोनवर, नाहीतर हॉलमध्ये ठेवलेल्या टॅबलेटवर भरायचा. आपल्या कामाला आपणच गुण द्यायचे, एकपासून पाचपर्यंत. एक म्हणजे फार शिकायचं बाकी आहे, पाच म्हणजे मी दुसऱ्यांना शिकवू शकते. एचआरची मुलगी येऊन सांगून गेली, ‘इससे आप लोगों का ही डेवलपमेंट होगा.’

सव्वीस वर्षांत मी किती फॉर्म पाहिले असतील? सूचनापेटी पाहिली, तिच्यात पालीने अंडी घातली. भिंतीवरच्या पाट्या पाहिल्या. तुम्ही कामावर आनंदी आहात का, असं विचारणारा कागद पाहिला, तो दरवर्षी यायचा आणि दरवर्षी चहाच्या ट्रेखाली जायचा. हाही त्यातलाच, असं मी धरून चालले. आणि मी थकलेली होते, हेही सांगते. गुडघे दुखतात, दिवसभर या बायांचं ऐकायचं आणि वरच्यांचंही, दोन्हीकडून ढोलकी वाजते. फॉर्म दिसला की माझ्या अंगावर काटा येतो.

पण सांगणं माझं काम होतं. जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना गोळा केलं आणि म्हटलं, ‘बघा, खरं लिहा. उगाच बढाई मारू नका. आपलं काम चांगलं आहे हे दुसऱ्याने म्हणावं.’

हे मी काही वाईट मनाने म्हटलं नाही. आमच्याकडे असंच असतं. श्रीखंड जीव ओतून करायचं, आणि पाहुण्यांच्या पानात वाढताना म्हणायचं, या वेळी मेलं जमलं नाही, गोड मानून घ्या. मग पाहुणे म्हणतात, अहो छे, काय सुरेख झालंय. दोघांनाही ठाऊक असतं की श्रीखंड उत्तम झालंय. पण पाहुण्याने म्हटल्याशिवाय ते उत्तम होत नाही. जिजीच्या घरीही तेच, माळव्यातल्या बायांच्या घरीही तेच. त्या सगळ्यांनी मान डोलावली. त्यांना माझं म्हणणं लगेच पटलं.

जिजीने स्वतःला दोन दिले.

मी तिला नंतर विचारलं, का गं बाई, दोन का? तिने हिशेब सांगितला. ‘पाच म्हणजे चूक होतच नाही, तर तो एक देव. चार म्हणजे तुम्ही. तीन देणार होते, पण ते नवं मशीन काही मला चालवता येत नाही, मग तीन कसे घेऊ?’ इतका सरळ हिशेब. जुन्या बायांनी सगळ्यांनीच दोन नाहीतर तीन दिले. कन्नौदकडून आलेली एक मुलगी होती, हॉलमध्ये येऊन तिला तीन महिने झाले होते. तिने सगळीकडे पाच दिले. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं मी मनात म्हटलं.

हे फॉर्म मग माझ्याकडे आले. प्रत्येकीचा उघडायचा, तिने दिलेले गुण बरोबर आहेत की नाही ते बघायचं, हवं तर वाढवायचे, कमी करायचे, आणि सहमती द्यायची. चौतीस फॉर्म. त्या दिवशी मालाची एक खेप परत आली होती, दोन बाया आजारी, आणि पाचला माझी डॉक्टरची वेळ. पडद्याच्या तळाशी एक बटण होतं, सगळ्यांना एकदम सहमती देण्याचं. मी ते दाबलं आणि डॉक्टरकडे गेले.

दोन आठवड्यांनी यादी लागली. मशीनमुळे आता हॉलमध्ये बाराच बाया राहणार, बाकीच्या पीथमपूरच्या कारखान्यात जाणार. नोकरी कोणाची जाणार नाही, हे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. कोण राहणार ते त्या गुणांवरून ठरलं होतं. कन्नौदची मुलगी राहणार होती. जिजी पीथमपूरच्या यादीत होती.

पीथमपूर आहे धार जिल्ह्यात. माझं माहेर तिकडचं, तो रस्ता मला पाठ आहे. कंपनीची बस देवासहून पावणेसहाला निघणार आणि संध्याकाळी सातला परत येणार, तेही इंदूरला गर्दी लागली नाही तर. जिजीची आई चारला दारात उभी राहणार होती.

मी साहेबांकडे गेले. सव्वीस वर्षांत मी कोणत्या साहेबापुढे आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. त्याने शांतपणे पडदा माझ्याकडे वळवला. ‘मैडम, मैंने किसी को नहीं चुना. उन्होंने खुद लिखा है. और नीचे देखिए, आपकी सहमति है.’

‘सर, वो सबसे अच्छी है. मशीन भी उसी ने सेट करवाई.’

‘तो फिर दो क्यों लिखा?’

मी म्हटलं, ‘हमारे यहाँ अपने मुँह से नहीं बोलते.’ त्याने खरंच समजून घ्यायचा प्रयत्न केला, हे मला कबूल करायला हवं. मग म्हणाला, ‘लेकिन मैडम, पूछा तो उन्हीं से था ना?’

शेवटी तो म्हणाला, यादी हेड ऑफिसला गेली आहे, बाराचे तेरा होणार नाहीत. पण एक नाव बदलता येईल. कोणाच्या जागी कोण, ते तुम्ही लिहून द्या. दोन दिवसांत.

मी बारा नावं घेऊन बसले. एकीला सातवा महिना. एक मनावर गावची, तिच्या नवऱ्याची बदली नुकतीच इथे झालेली. फिरून फिरून बोट कन्नौदच्या मुलीवर यायचं. ते तिला कसं कळलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. डोळे भरलेले. म्हणाली, ‘मैडम, मैंने गलत क्या किया? काम आता है तो पाँच लिखा.’ आणि तिला काम येत होतं. जिजीने तिला शिकवलं होतं, येणार नाही तर काय? मशीनही ती चटकन शिकली होती. तिच्याबद्दल मी मनात जे म्हटलं होतं ते चुकीचं होतं. उथळ कोणी असेल तर ती नव्हती.

मग मी जिजीकडे गेले. तिला सांगितलं, तुझं नाव काढता येतं, पण दुसरं घालावं लागेल. तिने विचारलं, ‘कोणाचं?’ मी सांगितलं. ती बाटली फिरवत होती, ती तिने आधी काळ्यापुढे बघितली, मग पांढऱ्यापुढे, मग खाली ठेवली. म्हणाली, ‘नको ताई. लेकराची हाय लागेल. माझ्या आईला आता आणखी काही नको लागायला.’

मी तिला आग्रह केला नाही. खरं सांगते, मला हायसं वाटलं. निवड माझ्या गळ्यातून उतरली. मी साहेबांना निरोप पाठवला की बदल नाही, आणि त्या संध्याकाळी मला बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

जिजी नऊ दिवस पीथमपूरला गेली. शेजारची बाई चारला बाहेरून कडी लावून कामाला जायची, दुसरा इलाज नव्हता. आई आत दार वाजवत बसायची. पहिल्या दिवशी थोडा वेळ, मग रोज जास्त. नवव्या दिवशी जिजी घरी आली तेव्हा आईचे दोन्ही हात मनगटापर्यंत सुजलेले होते आणि ती दाराला टेकून जमिनीवर झोपली होती. दहाव्या दिवशी जिजी बसला गेली नाही. तिने फोनवरून राजीनामा दिला. एकवीस वर्षांची नोकरी होती.

मला हे हॉलमधून कळलं. जायला मला आठ दिवस लागले. आज जाऊ, उद्या जाऊ. शेवटी एका रविवारी गेले. दुपारचे साडेतीन वाजले असतील. जिजीने सतरंजी घातली, चहा ठेवला. आई कोपऱ्यात बाजेवर बसून होती, हातांना हळद लावलेली. मी इकडचं तिकडचं बोलले. मशीन दोनदा बंद पडलं ते सांगितलं. मुली तुझी आठवण काढतात म्हणाले. ते खरं होतं, तरी तोंडातून निघताना खोटं वाटलं. मग म्हणाले, ‘जिजी, माझं चुकलं. मी ते फॉर्म उघडून बघायला हवे होते.’

‘तुम्ही तरी किती बघाल,’ ती म्हणाली. ‘चौतीस जणी आम्ही.’

इथेच उठले असते तर बरं झालं असतं. पण तिने चहा माझ्या हातात दिला आणि सहज विचारलं, ‘ताई, तो फॉर्म तुम्हालाही भरावा लागला असेल ना?’

‘हो.’

‘तुम्ही स्वतःला किती दिले?’

तिच्या विचारण्यात काही खोच नव्हती. खोटं बोलले असते तर तिने विश्वास ठेवला असता. चार, असं म्हणायला मी तोंड उघडलंही होतं. पण मला त्या दिवशी खोटं बोलण्याचंही त्राण नव्हतं.

‘पाच,’ मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मी बाकीचंही सांगून टाकलं, जे नवऱ्याला सांगितलं नव्हतं, लेकीला सांगितलं नव्हतं. मी हॉलमध्ये त्यांना बढाई मारू नका म्हटलं तो सोमवार होता. गुरुवारी आम्हा इनचार्ज लोकांची मीटिंग झाली. त्यात साहेबांनी स्पष्ट सांगितलं, संकोच करू नका, तीनच्या खाली कोणी जाऊ नका, हे गुण पुढे कामाला येणार आहेत. मी तिथेच बसून पाच भरले. सगळ्यांनीच भरले. आणि हॉलचे फॉर्म शनिवारपर्यंत उघडेच होते, हवे तेवढ्या वेळा बदलता येत होते. हॉल त्या मीटिंगच्या खोलीपासून एका जिन्यावर. मला वाटलं, पुन्हा सगळ्यांना गोळा करा, पुन्हा समजावून सांगा, कोण करेल? मी गेले नाही.

जिजीने पदराने कपाळ पुसलं. मग म्हणाली, ‘जिना चढून यायचं होतं ना.’

कोपऱ्यातून आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘ही कोण गं?’

जिजी उठून तिच्याजवळ गेली, तिचा पदर नीट केला. ‘कोणी नाही आई,’ ती म्हणाली. ‘कारखान्यातल्या बाई आहेत.’

चहा निवला होता. तो मी तसाच पिऊन संपवला आणि चपला शोधायला लागले.